पंच्याण्णव किलोचं पुस्तक

पुस्तक हातात आलं की मी ते वाचायला उघडत नाही. कडेवर अंगठा टेकवतो. अंगठ्याच्या नखाएवढी जाडी म्हणजे साधारण तीनशे पानं. कागद पातळ असला तर साडेतीनशे धरायची. मग मागची किंमत बघतो, मग पाठ. शिलाई आहे का नुसता गोंद, हे आधी पाहावं लागतं. गोंदाचं पुस्तक काचेवर उपडं दाबलं की मधातून कडकन फुटतं, पानं सुटतात, आणि पुस्तक समोरच्या पोरीचं नसतं. तिच्या मैत्रिणीच्या सिनिअरचं असतं.

२००४ पासून कॉलेजच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. नाव टाकत नाही. का, ते पुढं वाचलं की कळेल.

पहिल्यांदा माझा हिशोब सांगतो, कारण झेरॉक्सवाला लुटतो असं म्हणणारे पुष्कळ आहेत. सिंगल पान दोन रुपये. शंभराच्या वर पानं असली तर पाठपोट, पंच्याहत्तर पैसे पान. त्यात सत्तर जीएसएमचा कागद, टोनर, ड्रम, ब्लेड, लाइटबिल, आणि मशीन जाम झाली की तिच्या पोटात हात घालून कागदाचे तुकडे काढण्यात गेलेला अर्धा तास. मशीन नागपूरहून आणलेली, रिफर्बिश. नव्या मशीनची किंमत मी फक्त विचारून येतो. पानामागं पंचवीस-तीस पैसे सुटतात, ते पण महिनाभर काही बिघडलं नाही तर. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. कोऱ्या कागदावर मात्र २०२५ च्या सप्टेंबरात बाराचा अठरा टक्के झाला. बल्लारपूरची पेपर मिल आपल्याच विदर्भातली, बांबू आपल्या जंगलातला, तरी रिमचा भाव सांगताना आमचा डीलर असा चेहरा करतो, जसा कागद विमानानं आलाय.

दुकान टाकलं तेव्हा पानाला एक रुपया घ्यायचो, एक पान असो की पाचशे. आज घाऊकीत पाऊण रुपया घेतो. म्हणजे वीस वर्षांत घाऊक झेरॉक्स स्वस्त झाली. याच वीस वर्षांत माझ्या काचेवर येणाऱ्या पुस्तकांच्या मागची किंमत कुठून कुठं गेली, ते माझ्याइतकं कोणी बघितलं नसेल. मी पुस्तकाचा मागचा पुठ्ठा रोज बघतो. पुढचा क्वचित.

मी स्वतः बीएस्सीला होतो, २००० ते २००२. आमच्याकडं पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. तेव्हा कापूस एकाधिकार खरेदीत जायचा. १९७२ पासूनची ती योजना, माझ्या वेळेला तिची शेवटची वर्षं चालू होती. बैलगाडीनं कापूस न्यायचा, रात्रभर गाडीखाली झोपायचं, ग्रेडरच्या तोंडाकडं बघत राहायचं आणि मग चुकाऱ्याची वाट पाहायची. चुकारा कधी होळीला, कधी त्याच्याही नंतर. कॉलेज जुलैत उघडायचं. पुस्तकं घ्यायची वेळ आणि हातात पैसा यायची वेळ यांची गाठ कधी पडलीच नाही.

तरी माझ्याकडं भौतिक रसायनशास्त्राचं एक जाड पुस्तक होतं. छापील किंमत १६० रुपये. पहिल्या पानावर चार नावं. वरचं नाव शाईच्या पेननं, वळणदार अक्षर, खाली १९९५-९६. ते खोडून दुसरं, ते खोडून तिसरं, आणि शेवटी माझं. मी ते साठ रुपयांत घेतलं, तेही दोन हप्त्यांत. ज्याच्याकडून घेतलं त्यानं ऐंशीला घेतलं होतं. समासात तीन वेगवेगळ्या अक्षरांत "आय एम पी" लिहिलेलं होतं आणि तिघांची आय एम पी वेगळी होती. माझ्या आधीच्यानं एका गणिताखाली लिहिलं होतं, "हे सरांनाही येत नाही." त्या एका ओळीनं मला जेवढा धीर दिला तेवढा अख्ख्या पुस्तकानं दिला नाही.

दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलं. पुस्तकं नव्हती म्हणून सुटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. बाबांची तब्येत, दोन बहिणी, आणि खरं सांगायचं तर माझं अभ्यासात तेवढं लक्षही नव्हतं. पुस्तक मी चाळीस रुपयांत विकलं. पाचवं नाव कोणाचं लागलं, माहीत आहे. तो आज बँकेत आहे आणि माझ्याकडं आधारची झेरॉक्स काढायला येतो.

आता असं पुस्तक बघायला मिळत नाही. चार नावांचं तर नाहीच, दोन नावांचंही क्वचित. पोरं पुस्तकं जपत नाहीत असं म्हातारी माणसं म्हणतात. मी तसं म्हणत नाही. जपून ठेवलेलं पुस्तक पुढच्या वर्षी चालतच नसेल तर जपायचं कशाला? आधी वार्षिक परीक्षेचं सेमिस्टर झालं. एका जाड पुस्तकाची दोन पातळ पुस्तकं झाली आणि दोन पातळ पुस्तकांची किंमत एका जाड पुस्तकापेक्षा जास्त भरली. मग अभ्यासक्रम बदलला. मग नवीन शैक्षणिक धोरण आलं. २०२४-२५ ला पदवीच्या पहिल्या वर्षाला सगळीकडं लागू झालं. त्या जुलैत माझ्या दुकानासमोर जी गर्दी होती ती पुस्तकांच्या झेरॉक्ससाठी नव्हती. पोरं एईसी, व्हीएसी, एसईसी, आयकेएस ही नव्या विषयगटांची अक्षरं लिहिलेला एक कागद काढायला येत होती आणि एकमेकांना विचारत होती, "हे काय असते बे?" पुस्तकं बाजारात यायच्या आधी काही विषयांची परीक्षा होऊन गेली. पुस्तक आलं तेव्हा त्यावर "नवीन अभ्यासक्रमानुसार" असा लाल पट्टा, आत निम्मा मजकूर जुनाच, धड्यांचे क्रमांक बदललेले. मी हे छातीठोकपणे सांगतो, कारण दोन्ही आवृत्त्यांची पानं माझ्याच काचेवर उपडी झाली आहेत. चौथ्या धड्याचं सातवं पान आणि दुसऱ्या धड्याचं सातवं पान, आकृतीतला डाग सुद्धा तोच.

अभ्यासक्रमाच्या पीडीएफच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते. आठ, दहा, कधी चौदा पुस्तकं. लेखक असतो, प्रकाशक असतो. किंमत नसते. ही यादी करणाऱ्यांना ती पुस्तकं विकत घ्यावी लागत नाहीत, हे मी रागानं नाही, नुसतं पाहिलेलं सांगतो. प्रकाशकाचा माणूस जूनमध्ये बॅग घेऊन येतो, स्टाफरूममध्ये स्पेसिमन कॉपी वाटतो. त्या कॉपीवर "विक्रीसाठी नाही" असा शिक्का असतो. पुढं तोच शिक्का माझ्या झेरॉक्समध्येही उमटतो आणि पोरं विचारतात, "काका, हे विक्रीसाठी नाई तं तुमी पैसे काऊन घेता?"

लायब्ररी आहे. नाही असं नाही. बीटी कार्डावर दोन पुस्तकं, सात दिवस. एका वर्गात शंभरावर पोरं आणि एका पुस्तकाच्या पाच-सहा प्रती, त्यातल्या दोन कोणीतरी नेलेल्या त्या नेलेल्याच. मागच्या कपाटात महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाची जुनी पुस्तकं आहेत, नागपूरची. मराठीतून विज्ञान, मराठीतून अर्थशास्त्र, सरकारी अनुदानातून काढलेली. किंमत बघून हसू येतं, वीस रुपये, पंचवीस रुपये. आमचे एक जुने सर सांगायचे की त्यांच्या काळात रशियाच्या मीर प्रकाशनाची विज्ञानाची पुस्तकं अशीच पाण्याच्या भावात मिळायची, आणि इंग्रजांच्या सरकारची एक स्वस्त मालिका होती, ईएलबीएस नावाची. म्हणजे त्या वेळी रशिया, इंग्लंड आणि नागपूर, तिघंही आमच्या पोरांना स्वस्तात शिकवायला तयार होते. रशियाचं राज्य मोडलं, इंग्लंडची मालिका १९९७ ला बंद पडली. नागपूरची पुस्तकं कपाटात आहेत. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं असते ते दुपारी जेवायला घरी जातात.

सरकारी बुक बँक पण आहे. अनुसूचित जातीच्या पोरांना मेडिकल, इंजिनिअरिंग, शेतकी, पॉलिटेक्निक अशा शिक्षणासाठी पुस्तकांचा संच मिळतो, दोघांत एक. चांगली योजना. आमच्याकडचा एक पोरगा इंजिनिअरिंगला होता, त्याचा जोडीदार किनवटचा. परीक्षेच्या आधी सुट्टी लागली आणि जोडीदार संच घेऊन किनवटला निघून गेला. याचा फोन लागेना, तिकडं रेंज नाही. शेवटी दुसऱ्याच एका जोडीकडून पुस्तकं मागून आणली आणि माझ्याकडं रात्री साडेदहापर्यंत मशीन चालली. त्याला बीएस्सी, बीएवाल्यांनी विचारलं, आमची बुक बँक कुठं? ती नाही.

एकदा एमएस्सीच्या पोरानं एक इंग्रजी पुस्तक आणलं, अमेरिकन लेखकाचं. मागं छोट्या अक्षरात छापलेलं: ही आवृत्ती फक्त भारत, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका अशाच देशांत विक्रीसाठी. तो म्हणाला, काका, तिकडं हेच पुस्तक याच्या कितीतरी पट किमतीला असते. मी म्हटलं, मग आपल्याकडून नेऊन तिकडं विकलं तर? तो हसला. पण हे एकानं खरंच केलं होतं. थायलंडचा पोरगा, सुपाप किर्तसाएंग, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकायला गेलेला. त्यानं घरच्यांना सांगितलं, आपल्याकडची स्वस्त आवृत्ती घ्या आणि पाठवा. तो ती तिकडं विकायचा. वायली या प्रकाशक कंपनीनं २००८ ला त्याच्यावर केस टाकली. खालच्या कोर्टात सहा लाख डॉलरची भरपाई द्यायचा हुकूम झाला. २०१३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तो उलटवला, सहा विरुद्ध तीन. पुस्तक एकदा रीतसर विकत घेतलं की ते पुढं विकायचा हक्क घेणाऱ्याचा, मग ते कोणत्या का देशात छापलेलं असेना, असं कोर्टानं ठरवलं.

तिकडं तर सरकारी आकडेवारीच सांगते की २००६ ते २०१६ या दहा वर्षांत कॉलेजच्या पुस्तकांच्या किमती ८८ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे अमेरिकन पोरगंही रडत आहे आणि त्याच्या मानानं आपल्याला पुस्तक फुकटच पडतं. एमएस्सीच्या पोराला मी हे सगळं नंतर सांगितलं. तो म्हणाला, "काका, त्यायच्यापेक्षा स्वस्त हाये हे ऐकून माया खिशात काई येत नाई." बरोबरच आहे.

आता गावाचं नाव का लिहिलं नाही ते.

सात-आठ वर्षांपूर्वी एका प्रकाशकाचा माणूस दुकानात आला. काउंटरवर स्पायरल केलेल्या तीन प्रती पडलेल्या. त्यानं फोटो काढले आणि म्हणाला, कॉपीराइटची केस पडेल, मशीन जप्त होईल. मी घाबरलो. मशीनचे हप्ते चालू होते. आमच्याकडं कोर्टाचे कागद काढायला येणारे एक वकीलसाहेब आहेत, त्यांना विचारलं. त्यांनी दिल्लीची गोष्ट सांगितली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस म्हणून माझ्यासारखंच दुकान. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. प्राध्यापक वेगवेगळ्या पुस्तकांतले भाग निवडून देत आणि हा त्यांचे गठ्ठे करून चाळीस पैसे पानानं विकत असे. विद्यार्थी आणि प्राध्यापक त्याच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. २०१६ च्या सप्टेंबरात दिल्ली हायकोर्टानं दावा फेटाळला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात शिकवण्याच्या कामासाठी नक्कल करायला सूट दिलेली आहे. वर अपील झालं, डिसेंबरात दोन न्यायमूर्तींनी काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले, आणि २०१७ च्या मार्चमध्ये प्रकाशकांनी दावाच मागं घेतला.

मी खुश झालो. वकीलसाहेबांनी लगेच माझा चेहरा उतरवला. म्हणाले, "तिथं प्राध्यापकांनी निवडलेले भाग होते, शिकवण्यासाठी. तू आख्खं पुस्तक पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत छापतो आणि काउंटरवर मांडून ठेवतो. तुला कोणी परवानगी दिली?" तेव्हापासून काउंटरवर तयार प्रत ठेवत नाही. पोरगं स्वतःच्या हातानं पुस्तक आणेल, त्याच्यासाठी काढेन, एक. कायद्यात हे कितपत बसतं यावर मी फार खोलात जात नाही. पाण्यात उतरलेल्यानं खोली विचारू नये.

पण मला खरा झटका प्रकाशकानं दिला नाही. तो दिला एका सरांनी.

हे सर शेजारच्या तालुक्यात शिकवायचे, आता रिटायर आहेत. त्यांनी मराठीतून एक पाठ्यपुस्तक लिहिलं होतं, किंमत दीडशे. सोपं, नीट, पोरांना समजेल असं. पोरं त्याची झेरॉक्स काढायची, एका कागदावर दोन पानं घेऊन, म्हणजे साठ-सत्तर रुपयांत काम. एक दिवस मी त्याच पुस्तकाच्या प्रतीला भोकं पाडून स्पायरल ओवत होतो आणि सर स्वतः दुकानात उभे. पेन्शनचे कागद काढायला आलेले. माझे हात थांबले. सरांनी प्रत उचलली, चष्मा वर केला, दोनचार पानं उलटली. मग खिशातला पेन काढला, एका सूत्रात वजाचं चिन्ह अधिक केलं आणि प्रत परत ठेवली.

"छापखान्यात चुकलं होतं," म्हणाले. "तू तरी नीट छाप."

मी म्हटलं, सर, माफ करा. ते म्हणाले, "अरे, एका प्रतीमागं मला पंधरा रुपये येतात, ते पण वर्षानं. त्याच्यासाठी मी लिहिलं नाही. पण प्रकाशक म्हणतो खप नाही, म्हणून दुसरी आवृत्ती काढत नाही. आवृत्ती निघाली नाही तर ही चूक अशीच राहील. माझं दुखणं एवढंच आहे." पेन्शनच्या कागदांचे बारा रुपये झाले. मी घेत नव्हतो, त्यांनी मोजून ठेवले.

त्या दिवसानंतर मी एक नियम केला. इथल्या माणसानं लिहिलेलं, दोनशेच्या आतलं पुस्तक असलं तर आख्खी झेरॉक्स काढून देत नाही. जा, विकत घे. पोरं तोंड वाकडं करतात आणि चार दुकानं सोडून पाचव्या दुकानात जातात. तिथं मिळते. माझी बायको म्हणते, तुमच्या नियमानं सरांचं पुस्तक काही खपलं नाही, आपलं गिऱ्हाईक मात्र कमी झालं. तिचं गणित माझ्यापेक्षा पक्कं आहे.

आता पंच्याण्णव किलोचं सांगतो.

मागच्या महिन्यातली गोष्ट. शनिवार, दुपार. एक पोरगी आली. जवळच्याच एका खेड्यातली, बारावीपर्यंत इथं शिकली, म्हणून चेहरा ओळखीचा. यंदा जिल्ह्याच्या गावाला बीएस्सी नर्सिंगला लागली, पहिलं सेमिस्टर. दोन दिवसांसाठी घरी आलेली. पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलात पुस्तक. शरीररचनाशास्त्राचं.

"काका, सिनिअर ताईचं हाये. सोमवारी सकाळी द्या लागते. फुटू नका देऊ."

अंगठा टेकवला: पाचशेच्या वर. निघाली ५२०. मागं किंमत ११९५. मी सवयीनं विचारलं, दुकानात कितीला देतात? म्हणाली, "वीस टक्के सोडून नऊशे छप्पन." आणि मग आपल्याशीच बोलल्यासारखं, "पंच्याण्णव किलो व्हतात."

"कायचे?"

"कापसाचे. आई वेचाले जाते नं. दहा रुपये किलो हाये वेचाई."

दिवाळीच्या आसपास, बोंडं भरपूर फुटलेली असताना, तिची आई दिवसाला चाळीस किलो काढते. आता शेवटच्या वेच्यात बोंडं बारीक, कवड्या जास्त. दिवसभर वाकून वीस-पंचवीस किलो भरतात. म्हणजे हे एक पुस्तक चार-पाच दिवसांचं. पहिल्या सेमिस्टरला सहा विषय. इंग्रजी, शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, नर्सिंग फाउंडेशन. तिनं सगळ्यांची किंमत लिहून आणली होती, वहीच्या मागच्या पानावर. बेरीज चार हजारांच्या वर, आणि बेरजेखाली दुसरी बेरीज किलोत. कापसाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल, तो आकडा सगळ्या पेपरांत छापून येतो. तिच्या वहीतला आकडा मी पहिल्यांदाच बघत होतो. वीस वर्षं मागचा पुठ्ठा बघून मला वाटायचं की किंमत आपल्याला कळते.

मी मशीन चालू केली. शिलाईचं पुस्तक होतं, देव पावला. पन्नासेक पानं झाली आणि तिनं पहिली चळत हातात घेऊन एका आकृतीवर बोट ठेवलं.

"काका, हे तं सगळं काळंच येऊन रायलं."

हृदयाची आकृती. मुळात लाल आणि निळी. माझ्या प्रतीत सगळ्या नळ्या सारख्या करड्या. रोहिणी कोणती, नीला कोणती, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. आजपर्यंत अशी किती पुस्तकं मी काढून दिली असतील! गणिताला, इतिहासाला, कायद्याला काळ्या-पांढऱ्यानं फरक पडत नाही. इथं पडत होता, आणि ही पोरगी उद्या कोणाच्या तरी हातात सुई टोचणार.

कलर काढून देऊ का म्हटलं. दहा रुपये पान. रंगीत आकृत्यांची पानं मोजली, सत्तर. सातशे रुपये. बाकीची साडेचारशे पानं पाऊण रुपयानं ३३७, स्पायरलचे चाळीस. एक हजार सत्याहत्तर. दुकानातलं नवं कोरं पुस्तक नऊशे छप्पन. कॅल्क्युलेटरकडं आम्ही दोघंही बघत राहिलो. मग तीच हसली.

"मंग राहू द्या. काळंच काढा. लाल आन् निळा पेन हाये का तुमच्याकडं?"

पाच-पाच रुपयांचे दोन पेन दिले. ती बाकावर बसली. एका मांडीवर ताईचं पुस्तक, दुसऱ्यावर माझी प्रत. मी पानं काढत होतो, ती रंगवत होती. पुसट रेघ मारून आधी कडा, मग आत तिरप्या रेषा, म्हणजे खालचं नाव झाकलं जाऊ नये. मधूनमधून गिऱ्हाईक येत होतं, सातबारा, टीसी, बँकेचं पासबुक. एक म्हातारे बुवा बराच वेळ तिच्याकडं बघत होते. म्हणाले, "लेकराचं चित्रकलेचं पुस्तक हाये काय?"

मला दहावीपर्यंतचं एवढं पाठ होतं की नीला म्हणजे निळी. म्हणून एका ठिकाणी मी तिला टोकलं. "अगं, ही रोहिणी लिहिलीय आणि तू निळी केली."

"ते फुफ्फुसाकडं जाते नं काका, ते उलटी असते. अशुद्ध रक्त नेते."

बीएस्सी सेकंड इयर नापास माणसानं गप बसावं.

सत्तरपैकी एकतीस पानं झाली आणि सव्वासहा वाजले. तिच्या गावाला साडेसहाची एसटी, त्यानंतर गाडी नाही. बिल ४३० झालं होतं. मी साडेतीनशे घेतले. तिनं दहा-दहाच्या, वीस-वीसच्या नोटा मोजून दिल्या, घडी पडलेल्या, आणि पेनांचे दहा रुपये वेगळे ठेवले. ते मी परत सरकवले, तिनं घेतले नाहीत. पुस्तक टॉवेलात गुंडाळलं, प्रत पिशवीत टाकली. बाकीचं रात्री घरी करीन म्हणाली.

रविवारी रात्री माझ्या फोनवर तिचा मेसेज. सत्तर पानं झाली, आणि वर्गातल्या एका मैत्रिणीला पण पाहिजे, आता हीच रंगवलेली प्रत आणली तर तिची झेरॉक्स काढून द्याल का. मी लिहिलं, काढीन, पण ती परत काळीच येईल. मैत्रिणीला बसावं लागेल.

गेल्या शनिवारी दोघी आल्या. बाकावरचे रिमचे खोके मी आधीच उचलून ठेवले होते. निळे पेन होते. लाल एकच शिल्लक होता, बाकीचे कॉलेजच्या जर्नलवाल्यांनी नेले, आणि बाजार बंद. दोघींनी तो आळीपाळीनं वापरला. एकीची लाल पानं होईपर्यंत दुसरी निळी करत होती.